वाचक विचारतात: रीमॅपने ७५ ची १०५ होते का?

प्रश्न: माझी २०१४ ची स्विफ्ट डिझेल १ लाख ३५ हजार किलोमीटर पळालीय. पुण्याहून येताना खंबाटकी चढायला लागलं की ट्रकच्या मागे रखडते, ओव्हरटेकला दमच नाही. एक ट्यूनर म्हणतो, ईसीयू रीमॅप करा, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदला, ७५ पीएस ताकदीची १०५ होईल, वर लिटरमागे तीन किलोमीटर अ‍ॅव्हरेज वाढेल. २५ हजार मागतोय. करू का?
— एक वाचक, कराड

उत्तर: १०५ विसरा. तुमचं इंजिन मूळ फियाटचं १.३ मल्टिजेट. आपल्या रांजणगावलाही ते बनायचं आणि एके काळी निम्म्या कंपन्यांच्या गाड्यांत असायचं. याच इंजिनातून एर्टिगासाठी ९० पीएस काढताना मारुतीने टर्बोच (इंजिनात दाबून हवा भरणारा पंखा) बदलला, व्हेरिएबल जिऑमेट्रीचा, म्हणजे गरजेप्रमाणे पाती फिरवणारा बसवला. तुमचा टर्बो छोटा आणि साधा. त्यातून नुसत्या सॉफ्टवेअरवर १०५ काढतो म्हणणाऱ्याला एवढंच विचारा, हवा कुठून आणणार? हवा न वाढवता डिझेल ओतलं की मागे काळा धूर निघतो, पीयूसी अडकते आणि टर्बो भाजून निघतो.

चांगल्या हाताने केलेल्या रीमॅपमधून ९० ते ९५ पीएस मिळतील. पण पीएसपेक्षा टॉर्क, म्हणजे इंजिनचा फिरवण्याचा जोर बघा. मूळचा १९० एनएम आहे, तो २३०-२३५ पर्यंत जातो. खंबाटकीत तुम्ही २२०० आरपीएमच्या आसपास असता. तिथे १९० एनएम म्हणजे साधारण ६० पीएस. २३५ मिळाले तर ७३-७४. हा फरक सीटवर बसल्याबसल्या कळतो, तिसऱ्या गिअरमध्ये ट्रक लवकर मागे पडतो. मात्र १८०० च्या खाली टर्बोच जागा झालेला नसतो. तिथली मरगळ रीमॅपने जात नाही, गिअर खाली घ्यावाच लागतो.

कंपनी हा टॉर्क आधीच का देत नाही, हे मला नेहमी विचारतात. मी इंजिन कॅलिब्रेशनमध्ये काम केलंय, म्हणून सांगते. एकच मॅप (ईसीयूतलं सेटिंग) राजस्थानच्या उन्हात, लेहच्या विरळ हवेत, भेसळीच्या डिझेलवर आणि चोंदलेल्या फिल्टरवर चालवायचा असतो, तोही वॉरंटी अंगावर घेऊन. हातचं राखलेलं असतं ते यासाठी. ट्यूनर तुम्हाला तेच काढून देतो.

आता तुमच्या गाडीचं. एवढं चाललेल्या गाडीत मुळातले ७५ तरी शिल्लक आहेत का, ते आधी बघा. मागे ओळखीतले एक जण असंच रीमॅप करायचं म्हणून आले. बॉनेट उघडून टर्बोकडून निघणाऱ्या रबरी होजखाली हात फिरवला तर बोटं तेलाने काळी. क्लॅम्पजवळ होजला चीर गेली होती, दाबलेली हवा तिथूनच फुस्स होत होती. होज बदलली आणि रीमॅपचा विषय संपला. तेव्हा होज, एअर फिल्टर, ईजीआरची (धूर परत इंजिनात सोडणाऱ्या व्हॉल्व्हची) सफाई आणि इंजेक्टरची लीक-ऑफ टेस्ट (त्यातून परत जाणारं डिझेल मोजणं) एवढं आधी करून घ्या.

मग क्लच. मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये २००० आरपीएमवरून पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबा. काटा वर पळाला आणि वेग तिथेच राहिला, तर क्लच संपलाय. वाढलेला टॉर्क पहिल्यांदा त्याच्यावरच येतो. २५ हजारांच्या हिशेबात तोही धरा.

अ‍ॅव्हरेजचं म्हणाल, तर सपाट रस्त्यावर ताशी १०० ने जायला या गाडीला पंधरा-वीस पीएस पुरतात, आणि ती गरज रीमॅपने कमी होत नाही. डॅशबोर्डवरचा आकडा वाढलेला दिसेल कदाचित. विशेषतः डिझेलचा दाब मोजणाऱ्या रेल प्रेशर सेन्सरला फसवणारा ट्यूनिंग बॉक्स लावला असेल, तर ईसीयूच्या हिशेबापेक्षा जास्त डिझेल आत जातं आणि मीटर खुशाल खोटं सांगतो. टाकी फुल करून, पुन्हा फुल करूनच मोजा.

डायनोचा (गाडीची ताकद मोजणाऱ्या मशीनचा) कागद मागाल तेव्हा आधीचा आणि नंतरचा एकाच दिवशी, एकाच मशीनवर, एकाच गिअरमध्ये काढलेला मागा. चाकांवर मोजलेला आकडा इंजिनच्या आकड्यापेक्षा दहा-पंधरा टक्के कमी येतो. आधीचा चाकांवरचा आणि नंतरचा इंजिनचा दाखवला, की हात न लावताही गाडी ‘वाढते’! ईसीयूची मूळ फाइल स्वतःकडे ठेवा आणि विमा कंपनीला बदल लेखी कळवा.

प्रश्न: माझी बलेनो १.२ पेट्रोल आहे. रीमॅपने किती फरक पडेल?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर: ९० पीएसमध्ये चार-पाचची भर पडली तर नशीब. तुमच्या इंजिनाला टर्बो नाही. ते बाहेरच्या दाबाने येईल तेवढीच हवा घेतं. इग्निशन टायमिंग जरा पुढे नेता येतं, म्हणजे ठिणगी थोडी आधी पाडता येते, तेही पेट्रोल चांगलं असेल तरच. रीमॅपनंतर गाडी ‘उडते’ असं वाटतं ते बहुतेक वेळा पेडलमुळे. पाव दाबलं की अर्धं दाबल्यासारखं थ्रॉटल (हवेची झडप) उघडतं. पूर्ण दाबल्यावर ताकद तेवढीच. या कामाला मी पैसे घालणार नाही. कुंभार्ली चढताना दुसरा गिअर टाका आणि इंजिन ४००० च्या वर ओरडू द्या. या इंजिनाचा कमाल टॉर्क ४४०० ला आहे, आणि बरेच जण ३००० लाच गिअर बदलून मोकळे होतात.