लॅब दोन दिवस जेवत नाही, उद्यापर्यंत थांबू का?

तुम्ही लिहिलंय की लॅब्राडोर मादी आहे, सहा वर्षांची, दोन दिवस अन्नाला तोंड लावत नाही, पाणी मात्र भांडीच्या भांडी पितेय. घरात एक बोकाही आहे. आणि विचारलंय, उद्यापर्यंत वाट पाहिली तर चालेल का?

नाही चालणार. तिचं ऑपरेशन, म्हणजे नसबंदी, झालेली नसेल आणि गेल्या महिन्या-दोन महिन्यांत ती माजावर येऊन गेली असेल, तर आजच न्या. माजानंतर काही आठवड्यांनी गर्भाशयात पू साठू शकतो, त्याला पायोमेट्रा म्हणतात. जेवण सुटणं आणि तहान वाढणं ही त्याची ठरलेली लक्षणं. खालून स्राव दिसला तर किमान कळतं तरी. गर्भाशयाचं तोंड बंद राहिलं तर सगळं आतच साठतं आणि ते जास्त वाईट. सोनोग्राफीत दिसतं. उपाय बहुतेक वेळा एकच, गर्भाशय काढणं. नसबंदी झालेली असेल तर मूत्रपिंड, मधुमेह वगैरे शक्यता येतात. त्या रक्त तपासल्याशिवाय कळत नाहीत, म्हणजे तरीही दवाखाना आलाच.

मी डॉक्टर नाही. पुण्यात नारायण पेठेत राहते, घरात बारा वर्षांचा बंड्या (गावठी, आमच्याच पार्किंगमध्ये सापडलेला) आणि सात वर्षांचा सुंठ नावाचा बोका. ‘थांबू का?’ हा प्रश्न मीही कैकदा विचारलाय. प्रत्येक तक्रारीला त्याचं उत्तर वेगळं असतं, हे मात्र उशिरा कळलं.

मोठा कुत्रा एक वेळ जेवला नाही पण शेपूट हलवतोय, फिरायला उड्या मारतोय, तर दिवसभर थांबा. मांजराचं तसं नाही. ते दोन-तीन दिवस उपाशी राहिलं, त्यात जाडं असलं, तर यकृतात चरबी साठून वेगळंच दुखणं सुरू होतं. आणि बोक्याची लघवी तुंबली तर तास मोजायचे.

सुंठचं हे नेमकं अनंत चतुर्दशीला झालं. सकाळपासून तो वाळूच्या ट्रेमध्ये जाऊन बसत होता, कुंथत होता, बाहेर येऊन मागचा भाग चाटत होता. सासूबाई म्हणाल्या, ‘पोट साफ होत नाहीये त्याचं, एरंडेल दे.’ मलाही बद्धकोष्ठच वाटलं. संध्याकाळी उचलायला गेले तर ओरडला आणि पोटाखाली लिंबाएवढा कडक गोळा हाताला लागला. ते तुंबलेलं मूत्राशय होतं. बाहेर लक्ष्मी रस्ता, केळकर रस्ता मिरवणुकीने भरलेले, रिक्षा मिळणं अशक्य. भाजीच्या टोपलीत त्याला ठेवून वर ओढणी बांधली आणि ढोल-ताशांच्या दणदणाटात गर्दी कापत झेड ब्रिजवरून चालत पलीकडे डेक्कनला गेलो. डॉक्टरांनी भूल देऊन कॅथेटर (लघवी काढायची नळी) घातला, दोन दिवस सलाईन. बोक्यांचा मूत्रमार्ग अरुंद असतो, खडे किंवा चिकट स्राव अडकला की बंद. मग रक्तात पोटॅशियम वाढतं आणि त्याने हृदय थांबू शकतं. आणखी एक रात्र काढली असती तर वाचला नसता, असं ते म्हणाले. तेव्हापासून कोरडं खाणं कमी केलंय, ओलं जास्त देते आणि घरात चार ठिकाणी पाण्याच्या वाट्या आहेत. त्यांत मीच पाय घालते, ते जाऊ दे.

बंड्याची कहाणी पावसाळ्यातली. मलूल झाला, चिकन पुढे केलं तरी मान फिरवली. ‘पावसाळी हवेने होतं असं, ताकभात द्या’ हा सल्ला मिळाला आणि मी दोन दिवस ताकभात करत बसले. तिसऱ्या दिवशी नाकातून रक्त. गोचीड ताप निघाला. प्लेटलेट्स दीड-दोन लाखांच्या वर हव्यात, त्याच्या अडतीस हजार होत्या. डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक 28 दिवस चाललं, तेही पोटात अन्न असतानाच द्यायचं. पंधराव्या दिवशी तो पूर्वीसारखा भुंकायला लागला, आणि बरेच जण गोळ्या बंद करतात त्या इथेच. तसं करू नका.

गोचीड नुसत्या कुत्र्याच्या अंगावर नसते. रक्त पिऊन फुगलेली मादी खाली पडते आणि भिंतीच्या फटीत, दाराच्या चौकटीत हजारो अंडी घालते. त्यामुळे कुत्र्याला गोळी दिली तरी घराच्या फटी आणि अंथरूण साफ करावंच लागतं. गोचिडांसाठीची चघळायची गोळी डॉक्टर वजनावर ठरवतात; आधी कधी फिट आली असेल तर ते त्यांना जरूर सांगा. एक मात्र लक्षात ठेवा: कुत्र्याच्या मानेवर टाकायचे थेंब बोक्याला लावू नका. काहींत परमेथ्रिन हे कीटकनाशक असतं आणि मांजरांना ते विष आहे. पॅरासिटामॉलही तसंच. आपली एक गोळी मांजराला मारू शकते, आणि माणसांची वेदनाशामकं कुत्र्यालाही परस्पर द्यायची नाहीत.

नाक गरम म्हणजे ताप, हे खरं नाही. कुत्र्याचं नेहमीचं तापमानच 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं. त्यापेक्षा ओठ वर करून हिरडी पाहा. बोटाने दाबा, पांढरी होते, सोडल्यावर दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवी. मुळातच फिकी, पिवळी किंवा निळसर असेल तर तसंच उचलून न्या. पावसाळ्यात पिवळी हिरडी दिसली तर लेप्टोचाही (लेप्टोस्पायरोसिस) संशय घेतात. तो उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून होतो आणि माणसालाही होतो, म्हणून लघवी पुसताना हातमोजे घाला.

तुमच्या कुत्रीला नेताना लसींचं कार्ड सोबत घ्या. रेबीज आणि लेप्टो दोन्हींच्या तारखा बघतील. शेवटचा माज कधी आला होता, दिवसभरात किती पाणी प्याली, हे कागदावर लिहून न्या. तिथे गेल्यावर काहीएक आठवत नाही. सकाळची लघवी स्वच्छ बाटलीत धरता आली तर उत्तम. आमच्याकडे त्यासाठी जुना डाव आहे, लांब दांड्याचा.

आणि बोका कुंथताना दिसला तर इथे प्रश्न टाकत बसू नका. रात्री कोणता दवाखाना उघडा असतो, ते आजच फोन करून विचारून ठेवा.