भूत लागते, देवी येतात आणि लागण होते

एका वाचकाचा प्रश्न असा आहे: २०२० च्या साथीत मराठी वर्तमानपत्रे ‘कोरोनाची लागण’ आणि ‘कोरोनाबाधित रुग्ण’ असे रोज छापत होती. ‘भूत लागणे’ आणि ‘बाहेरची बाधा’ हे प्रयोग त्याच घराण्यातले दिसतात. मग आजाराची ही परिभाषा भुताखेतांच्या समजुतींतून आली आहे काय? आणि तसे असेल, तर देवी, म्हणजे तो अंगभर फोड उठवणारा रोग, मात्र ‘लागत’ नाहीत, ‘येतात’, हे कसे?

पहिल्या भागाचे उत्तर ‘नाही’ असेच द्यावे लागेल; मात्र नात्याचा संशय अगदीच खोटा नाही. ‘लागणे’ या क्रियापदाचा मूळ अर्थ चिकटणे, स्पर्श होणे, येऊन भिडणे असा आहे. ठेच लागते, ऊन लागते, दृष्ट लागते, व्यसन लागते, सूर्याला ग्रहण लागते आणि माणसाला भूतही लागते. या प्रत्येक वाक्यात ज्याला काही लागते तो ‘त्याला’ अशा रूपात येतो. त्याने स्वतः काही केलेले नसते, त्याच्यापर्यंत काहीतरी येऊन पोचलेले असते. ‘लागण’ आणि ‘लागीर’ ही याच धातूची दोन भावंडे. शेतकरी ‘उसाची लागण’ म्हणतो ती रोप मातीला लागण्यावरून, डॉक्टर ‘रोगाची लागण’ म्हणतो ती रोग शरीराला लागण्यावरून, आणि खेड्यातली आजी नातवाला ‘लागीर झालंय’ म्हणते तेव्हा तिच्या मनात पिंपळावरचा मुंजा असतो. ‘बाधा’ हा शब्द तर संस्कृत ‘बाध्’ म्हणजे पीडा देणे, अडवणे, यावरून आलेला आहे आणि त्याने कधीच एका पक्षाची चाकरी केलेली नाही: भूतबाधा आहे तशी विषबाधाही आहे, आणि विषबाधेचा पंचनामा लिहिणाऱ्या हवालदाराला आपण मांत्रिकाचा शब्द वापरतो आहोत असे कधी वाटत नाही. न दिसणारी गोष्ट शरीराला येऊन भिडते, एवढाच अनुभव या शब्दांत आहे. ती गोष्ट विषाणू आहे की पिशाच्च, याचा निवाडा ते करीत नाहीत.

भुतांच्या बाबतीत मराठी किती काटेकोर आहे हे मात्र इथे सांगितले पाहिजे, कारण प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचे उत्तर त्यातूनच निघते. ‘त्याला मुंजा लागला’ आणि ‘त्याला मुंजाने धरले’ ही दोन वाक्ये एकच नव्हेत. मुंज झालेला पण सोडमुंज होण्यापूर्वीच वारलेला मुलगा मुंजा होऊन पिंपळावर राहतो, अशी समजूत आहे. पहिल्या वाक्यात क्रियापद अकर्मक आहे. मुंजाचा काही हेतू नव्हता, तुम्ही तिन्हीसांजेला त्याच्या झाडाखालून गेलात आणि तो लागला. दुसऱ्या वाक्यात मुंजा ‘ने’ प्रत्यय लावून कर्ता झाला आहे. त्याला काहीतरी हवे आहे. ‘झपाटणे’ आणि ‘पछाडणे’ हीही सकर्मक क्रियापदे असून हडळ, खवीस, जखीण यांच्यासाठी ती वापरली जातात. (खवीस हा अरबी ‘खबीस’, म्हणजे दुष्ट किंवा अपवित्र, आणि जखीण ही यक्षिणी, भुतांच्या गावातही वस्ती मिश्रच असते.) देवऋषीचे प्रश्नसुद्धा या व्याकरणाला धरूनच असतात. ‘लागले’ असेल तर तो विचारतो, ‘कुठे गेला होतास, कोणत्या वेळी?’ आणि ‘धरले’ असेल तर विचारतो, ‘काय मागतोस?’ पहिल्या प्रश्नाचे उत्तर रोगी देतो, दुसऱ्याचे त्याच्या तोंडून भुताने द्यायचे असते.

‘चकवा’ हा या मंडळींत मला सर्वांत आवडणारा, कारण त्याला रूप नाही, पूर्वजन्म नाही आणि वैरही नाही. रात्री ओळखीच्या वाटेवर माणूस गोल गोल फिरून पुन्हा त्याच बांधावर येतो, तेव्हा त्याला चकवा लागलेला असतो. चकवा झपाटत नाही आणि अंगातही येत नाही. त्यावरचा उपायही तितकाच साधा सांगतात: जागीच बसावे आणि उजाडण्याची वाट पाहावी. रानात वाट चुकवणाऱ्या याच प्रकाराला ‘भूल पडणे’ असेही म्हणतात, आणि शस्त्रक्रियेच्या खोलीतले भूलतज्ज्ञ याच शब्दावर आपली पाटी लावतात, याचेही कोणाला वावडे नाही.

आता ‘येणे’. देवीच्या रोगाला ‘देवी आल्या’ म्हणत, म्हणून ‘येणे’ हे आदराचे क्रियापद आहे असे सहज वाटते. पण ताप येतो, घेरी येते, फेफरे येते, रागही येतो, आणि यांपैकी कोणालाही आपण ओवाळत नाही. ‘सर्दी होणे’ यासारखे अपवाद सोडले, तर ढोबळ भेद असा दिसतो की, जे एकदा येऊन पुढे जाणार आहे त्याला ‘येणे’, आणि जे शरीरात घर करून बसते त्याला ‘होणे’: ताप येतो, क्षय होतो, घेरी येते, मधुमेह होतो. देवी या पहिल्या वर्गातल्या. आदर होता तो वागण्यात: दाराला कडुनिंबाचा डहाळा, घरात फोडणी नाही, रोग्याशी बोलताना आवाज खाली. पाहुणीची ठेवावी तशी बडदास्त ठेवली जाई, आणि क्रियापदाचा तिच्याशी मेळ बसत असे, कारण पाहुणीही येते आणि जाते. देवीच्या लसीकरणाला ‘देवी काढणे’ असे म्हणत, त्यात मात्र वाक्याचा कर्ताच बदलला. १४ जून १८०२ रोजी मुंबईत तीन वर्षांच्या एका मुलीला भारतातली पहिली यशस्वी देवीची लस टोचली गेली. तेव्हापासून येणारी देवी माणसाच्या हाताने ‘काढता’ येऊ लागली. मे १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देवीचा रोग जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर केले, तरी ‘देवीचे व्रण’ हा शब्द टिकून आहे.

‘मरी’चे, म्हणजे पटकीसारख्या (कॉलऱ्यासारख्या) जीवघेण्या साथीचे, व्याकरण याहून निराळे आहे. देवी ‘त्याला’ येतात, मरी ‘गावात’ येते. तिचे लक्ष्य माणूस नसून वस्ती आहे, आणि म्हणून तिच्यावरचा उपायही सामुदायिक असे. मरीआईचा गाडा म्हणजे लाकडाचा लहानसा गाडा. त्यावर हळदकुंकू, नारळ, लिंबे, हिरव्या बांगड्या ठेवून वाजतगाजत तो गावाच्या शिवेपर्यंत न्यायचा आणि तिथे सोडून मागे न पाहता परतायचे. शिवेपलीकडच्या गावाला तो दिसला की तेही त्याला आपल्या पुढच्या शिवेला पोचवणार. पटकीच्या साथीचा वेग पाहता हा गाडा आणि रोग एकाच वाटेने जात नसतील असे म्हणवत नाही, पण माझा मुद्दा भाषेचा आहे: जी ‘आली’ तिला ‘पाठवता’ येते. क्षयाचा गाडा कोणी काढल्याचे ऐकिवात नाही, कारण क्षय आलेला नसतो, झालेला असतो. मुंबईत वांद्र्याच्या तलावाकाठी जरीमरीचे देऊळ आहे आणि कुर्ल्याकडे याच नावाची वस्ती आहे. दक्षिणेकडची मारीअम्मन हीही याच कुळातली मानली जाते, जरी तमिळमध्ये ‘मारी’ म्हणजे पाऊस असाही अर्थ होतो. कोइमतूरला प्लेग मारीअम्मनची देवळे आहेत, आणि २०२१ मध्ये त्याच शहरात करोना देवीची मूर्ती बसवली गेली.

‘पटकी’ या नावाला मात्र देऊळ मिळाले नाही. त्याच्या वाट्याला शिवी आली. ‘पटकी आली मेल्याला’ हा तळतळाट रोग मागे पडल्यावरही जिभेवर राहिला आहे. या नावाच्याही आधी याच लक्षणांना ‘मोडशी’ म्हणत. आज मोडशी म्हणजे पोट बिघडणे, एवढाच सौम्य अर्थ उरला आहे. पण गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याचा औषधींवरील ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला, त्यात कॉलऱ्यासारख्या आजाराचे वर्णन करताना त्याने हेच स्थानिक नाव नोंदवले आहे. पोर्तुगिजांच्या तोंडी त्याचे ‘मोर्देशिं’ झाले, आणि फ्रेंचांनी ते आपल्या कानाने ऐकून ‘कुत्र्याचे मरण’ अशा अर्थाचा फ्रेंच शब्दप्रयोग बनवला. मराठीने ‘मोडणे’ या साध्या क्रियापदावरून नाव दिले होते. त्यात जनावर शिरले ते परक्या भाषेत.

धास्तीच्या काळात आणखी एक जात जन्माला येते, तिला ना पिंपळ असतो ना देऊळ. २००१ च्या मे महिन्यात दिल्लीत ‘मंकी मॅन’ होता, पुढच्या वर्षी उत्तर प्रदेशात ‘मुँहनोचवा’ (तोंड ओरबाडणारा), आणि २०१७ मध्ये उत्तर भारतात ‘चोटीकटवा’ (वेणी कापणारा). असे प्राणी लागत नाहीत आणि अंगातही येत नाहीत. ते ‘फिरत असतात’, आणि बहुधा शेजारच्या गावात. अशा गोष्टीला मराठीत ‘आवई उठली’ किंवा ‘कंडी पिकली’ म्हणतात, आणि ती पुढे सांगताना वाक्याच्या शेवटी ‘म्हणे’ जोडतात: ‘पलीकडच्या पाड्यावर पोरं पळवणारी टोळी आली आहे म्हणे.’ या एका ‘म्हणे’ने बोलणारा सांगतो की मी पाहिलेले नाही, मी हमी देत नाही, तुम्हीही बेताने घ्या. मोबाइलवरून पुढे पाठवलेल्या संदेशात नेमके हेच गळून पडते; तिथे ‘सावधान, टोळी आली आहे’ असे उघडे वाक्य उरते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाडा येथे, भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठार मारले, त्याआधी मुले पळवणाऱ्या टोळीचे असेच संदेश मोबाइलवरून फिरत होते. बोलीतल्या ‘म्हणे’ने अफवा थांबते असा माझा दावा नाही, पण ‘म्हणे’ असलेले वाक्य निदान उलट प्रश्न विचारू देते.

राहिला वापराचा भाग. ‘कोरोनाची लागण झाली’ हे शुद्ध मराठी आहे आणि त्यात अंधश्रद्धेचा वास काढण्याचे कारण नाही. ‘लागण लागली’ हे मात्र टाळावे, कारण धातू दोनदा येतो. ‘बाधित’ हे विशेषण माणसाला लावावे आणि प्रदेशालाही, परंतु ‘बाधितांची लागण’ असे काही बातम्यांत येत असे, त्याला अर्थ नाही. ‘करोना’ की ‘कोरोना’ हा वाद दैनिकांनी आपापसांत मिटवलेला नाही, तो मीही मिटवत नाही. ‘तो पॉझिटिव्ह निघाला’ या वाक्याबद्दलही विचारणा होती: त्यातले ‘निघणे’ हे ‘गोवर निघणे’ यातले नव्हे. गोवर आतून अंगावर निघतो, म्हणजे बाहेर येतो. माणूस पॉझिटिव्ह निघतो तो ‘नोट खोटी निघाली’ या चालीवर, म्हणजे तपासल्यावर तसा ठरतो. म्हणूनच ‘त्याला गोवर निघाला’ असे म्हणतात, पण ‘त्याला पॉझिटिव्ह निघाला’ असे कोणी म्हणत नाही.