कोलंबसला फुलं पाठवायची तर

मार्चमध्ये नवऱ्याच्या कामानिमित्त पुण्याहून इथे, कोलंबस, इंडियानाला राहायला येतेयस. त्याआधी फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात इथल्या तुझ्या बहिणीचं बाळंतपण आहे, आणि माहेरचं कुणी जवळ नसताना निदान फुलं तरी तिच्यापर्यंत पोहोचावीत, असं तुला वाटतं. शिवाय इकडे आल्यावर हारफुलांचं कसं जमतं, हेही विचारलंयस. मला ताई म्हटलंस म्हणून अगं-तुगं करते. मला या गावात बारा वर्षं झाली, आणि फुलांच्या बाबतीत जे चुकायचं ते सगळं आमच्या घरी चुकून झालंय, म्हणून सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी गावाचं नाव नीट लिही. अमेरिकेत कोलंबस नावाची गावं बरीच आहेत. सगळ्यात मोठं ओहायोची राजधानी, ते लाखो वस्तीचं शहर. आपलं सुमारे ५० हजार वस्तीचं. कमिन्स या इंजिनं बनवणाऱ्या कंपनीमुळे पुण्याशी नातं जडलेलं, म्हणून आपल्या लोकांना 'कोलंबस' म्हटलं की हेच डोळ्यांसमोर येतं, पण संगणकाला तसं वाटत नाही. माझ्या मुलीच्या जन्माच्या वेळी आईने पुण्यातून एका चकचकीत संकेतस्थळावर गुलाबांचा गुच्छ मागवला. गाव निवडताना यादीतलं पहिलं कोलंबस घेतलं आणि ऑर्डर गेली ओहायोला. दोन दिवस फोनाफोनी झाली. शेवटी आमच्या दारात जे आलं ते गुलाब नव्हतेच. कडा तपकिरी पडलेली कार्नेशनची फुलं होती, आणि चिठ्ठीवर नाव दुसऱ्याच कुणाचं. आई फोनवर विचारत होती, "गुलाब कसे आहेत गं?" मी "छान आहेत" म्हणाले. ते खोटं बोलणं मला आजही टोचतं. तेव्हा पत्त्यात इंडियाना आणि पिनकोड, म्हणजे झिप, लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. इथे बहुतेक ४७२०१ किंवा ४७२०३ असतो, तुझ्या बहिणीचा कोणता ते तिलाच विचारून घे.

दुसरी गोष्ट, अशा मोठ्या संकेतस्थळांकडे स्वतःची फुलं बहुधा नसतातच. १९१० साली अमेरिकेतल्या काही फूलवाल्यांनी एकमेकांना तारेने ऑर्डरी कळवायची पद्धत सुरू केली, तीच संघटना पुढे एफटीडी झाली. या गावच्या दुकानात पैसे भरायचे आणि त्या गावच्या दुकानदाराने फुलं पोचवायची, अशी ती चांगली सोय होती आणि अजूनही आहे. पण आता मधे नुसत्या ऑर्डरी गोळा करणारेही खूप शिरलेत. ते गावातल्या दुकानासारखं नाव लावतात, तुझ्याकडून पूर्ण पैसे घेतात, स्वतःचा वाटा कापतात आणि उरलेल्या रकमेत गुच्छ करायला गावातल्याच दुकानाला सांगतात. दुकानदार बिचारा त्या पैशांत जेवढं बसेल तेवढंच देणार. आपण मात्र फोटोतले २४ गुलाब डोळ्यांसमोर धरून बसलेलो असतो.

म्हणून थेट दुकानात फोन कर. नकाशावर दुकान शोध, पत्ता खरा आहे का, दुकानाच्या आतले फोटो आहेत का, ते बघ. फोन नंबर ८१२ ने सुरू होत असेल तर तो बहुधा इकडचाच. (आता ९३० सुद्धा चालू झालाय.) फेब्रुवारीत आपल्यात साडेदहा तासांचा फरक असतो, म्हणजे तुझ्याकडे संध्याकाळचे साडेसात वाजले की इथे सकाळचे नऊ. तीच वेळ बरी, कारण त्याच दिवशी पोचवायचं असेल तर दुपारच्या आत सांगावं लागतं. रविवारी बरीच दुकानं बंद असतात, शनिवारीही लवकर मिटतात. पैसे कार्डाने फोनवरच घेतात, त्यामुळे तुझ्या कार्डावर परदेशी व्यवहार चालू आहेत का ते आधी बँकेच्या ॲपमध्ये बघ. नवीन कार्डांवर ते मुळात बंद असतात. संकेतस्थळांवर भारतातला पत्ता टाकला की कार्ड कधीकधी नाकारलं जातं, फोनवर माणसाला समजावता येतं. बऱ्यापैकी गुच्छाला ६० ते ८० डॉलर धर, पोचवणावळ वेगळी, वर राज्याचा ७ टक्के कर.

आणि कोणती फुलं हवीत ते हट्टाने सांगू नकोस. इथल्या दुकानांतली बहुतेक फुलं कोलंबिया आणि इक्वेडोरच्या उंच पठारांवर पिकतात, विमानाने मायामीला उतरतात, कीड-रोग तपासून मग गार ट्रकांतून उत्तरेकडे येतात. दुकानात पोचेपर्यंत गुलाबाने बरेच दिवस पाहिलेले असतात. तेव्हा विचार की या आठवड्यात सगळ्यात ताजं काय आलंय, आणि रंग सांगून मोकळी हो. पिवळा, केशरी, पांढरा, जे तुमच्या घरच्या रीतीचं असेल ते.

मी जाते ते दुकान वॉशिंग्टन स्ट्रीटच्या जवळ आहे. तिथल्या बाई आधी बादलीतून एकेक दांडा काढतात, पाण्यात धरून खालचं टोक तिरकं कापतात, देठाजवळची पानं ओढून टाकतात आणि हातातला गुच्छ थोडा थोडा फिरवत त्यात पुढचं फूल घालतात. आमच्या आजीची वेणी गुंफताना बोटं अशीच चालायची. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मी तिथेच दहा मिनिटं उभी राहिले. पैसे जास्त नाही दिले तरी चालेल, पण आपली फुलं अशा हातांतून जावीत.

आता तुझ्या तारखेची अडचण. १४ फेब्रुवारीला व्हॅलेंटाइन असतो. त्या आठवड्यात लाल गुलाबांचे भाव चढतात, गाड्या पुरत नाहीत आणि गुच्छ घाईत बांधले जातात. बाळ नेमकं तेव्हाच आलं तर १५-१६ तारखेपर्यंत थांब, काही बिघडत नाही. उलट मी तर म्हणेन, दवाखान्यात पाठवूच नकोस. साध्या बाळंतपणात दोन दिवसांत आणि सिझेरियन झालं तरी बहुधा चारेक दिवसांत घरी सोडतात, फुलं जाईपर्यंत बाई घरी गेलेली असते. बाळाला काचेत ठेवलं असेल तर अशा विभागात फुलं आत नेऊच देत नाहीत. ती घरी आल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फुलं येऊ देत. तेव्हा भेटायला येणारे पांगलेले असतात, रात्रीची झोप उडालेली असते, आणि आपलं माणूस आठवून रडू येतं ते नेमकं तेव्हा. मी यातून गेलेय.

घरी पाठवताना भावोजींचा फोन नंबर दुकानात दे. फेब्रुवारीत इथे पारा बऱ्याचदा शून्याखाली जातो, दारात अर्धा तास राहिलेला गुच्छ काळा पडतो. फोन करूनच या, कुणी नसेल तर शेजारी द्या, असं स्पष्ट सांग. खोक्यातून कुरिअरने येणारी फुलं तर पाठवूच नकोस. ती कळ्यांच्या रूपात कोरडी येतात, दांडे कापून पाण्यात तिलाच लावावी लागतात. ओल्या बाळंतिणीला आणखी एक काम कशाला? फार वासाची फुलंही नकोत. घरात मांजर असेल तर लिली बिलकूल नको. लिलीचे परागकण किंवा फुलदाणीतलं पाणी पोटात गेलं तरी मांजराची मूत्रपिंडं निकामी होतात.

चिठ्ठीचा मजकूर रोमन लिपीत आणि अक्षरं एकेक करून सांग. 'आई' मध्ये ए दोनदा येतो हे इथे कुणाला माहीत नसतं. माझ्याकडे आलेल्या एका चिठ्ठीत 'आजी'चं 'अजय' झालं होतं. सगळं सांगून झालं की त्यांच्याकडून परत वाचून घे. लांबलचक नको. "बाळाला मावशीचा पापा" एवढं पुरे.

इथे आल्यावर तुला शेजाऱ्यांनाही फुलं द्यावी लागतील, सुखात आणि दुःखातही. दोन वर्षांपूर्वी आमच्या समोरचे आजोबा गेले. इथे गेलेल्या माणसाची माहिती फ्युनरल होमच्या, म्हणजे अंत्यविधीची व्यवस्था बघणाऱ्या संस्थेच्या, संकेतस्थळावर येते, त्यात दर्शनाची वेळ असते. फुलं तिथेच पाठवायची, घरी नाही, आणि त्या वेळेच्या आधी पोचतील अशी. शवपेटीवरची फुलं घरच्यांची असतात, ती आपण घ्यायची नाहीत. माहितीत फुलांऐवजी अमुक संस्थेला देणगी द्या असं असेल तर तेच करावं, तो त्यांचा मान. आम्ही पीस लिलीची कुंडी पाठवली होती. तीन आठवड्यांनी आजींचं हाताने लिहिलेलं पत्र आलं. ती कुंडी अजून त्यांच्या खिडकीत आहे. पाणी द्यायचं राहिलं की पानं पार मान टाकतात, आणि पाणी घातलं की संध्याकाळपर्यंत उभी. मग आजी मला हाक मारून दाखवतात.

मे महिन्यात अंगणातली पिओनी उमलते. १९५७ पासून ते इंडियानाचं राज्यफूल आहे. मेच्या शेवटच्या सोमवारी मेमोरियल डेला लोक तीच कबरींवर वाहतात. कुणी दिली तर घरात आणण्याआधी झटक, आत मुंग्या असतात.

आपल्या देवाच्या फुलांचं म्हणशील तर गणपतीला इथे शेवंती भरपूर. सप्टेंबर लागला की क्रोगर या किराणा दुकानापासून प्रत्येक दुकानाबाहेर कुंड्याच कुंड्या. झेंडू मात्र स्वतः लाव. बी इथेच घे, भारतातून आणू नकोस. मेच्या मध्यानंतर थंडीची भीती गेली की पेर, दसऱ्याला तोरणापुरता नक्की होतो, कारण पहिलं दहिवर बहुधा ऑक्टोबरच्या मध्यानंतर पडतं. जास्वंदीची कुंडी हिवाळ्यात घरात घ्यावी लागते. बाहेर तग धरते ती 'रोज ऑफ शेरॉन', तीही जास्वंदीच्याच कुळातली, आणि गणपतीच्या सुमारास फुललेली असते. दूर्वा इथे तण समजतात. दुसऱ्याच्या अंगणातल्या तोडू नकोस, हिरवळीवर औषध मारलेलं असतं. सामानात मातीची रोपं किंवा कढीपत्ता आणू नकोस, विमानतळावर काढून घेतात. ताजी फुलं असतील तर तिथे आधी सांगून दाखवावी लागतात. हार ओवायची लांब सुई मात्र आठवणीने आण, इथल्या दुकानांत तशी सहसा मिळत नाही.

बहिणीची तारीख पुढेमागे झाली तर मला लगेच कळव. दुकान माझ्या वाटेवर आहे, मी आत जाऊन चिठ्ठी स्वतः वाचून येईन.