ओठाकडे सगळ्यांचं लक्ष असतं, टाळूची वेळ मात्र तुम्हीच सांभाळा

दादा, तुमचं बाळ पाच आठवड्यांचं, ओठ डावीकडून फाटलेला आणि टाळूही उघडी. घरातली मोठी माणसं म्हणतात एवढ्याशा जिवाला भूल सोसणार नाही, पाच-सहा वर्षांचा होऊ दे. शिवाय सूनबाई सातव्या महिन्यात ग्रहणात विळीवर बसली होती म्हणून हे झालं, अशी कुजबुज. आणि करायचं तर सोलापुरात की पुण्यात, हा तुमचा तिसरा प्रश्न. माझी मुलगी याच वाटेने गेली, आता चौथीत आहे. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी ग्रहणाचं मिटवू. बाळाचा वरचा ओठ गर्भारपणाच्या साधारण चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो, टाळू सहाव्या ते नवव्या आठवड्यात. कित्येकींना तेव्हा दिवस गेल्याचं कळलेलंसुद्धा नसतं. सातव्या महिन्यात बायको विळीवर बसली काय नि झोपून राहिली काय, ओठाचं जे व्हायचं ते केव्हाच होऊन गेलं होतं. जगात साधारण सातशे बाळांमागे एकाला हे असतं. घराण्यात असणं, फिट्सची काही औषधं, तंबाखू (आपल्याकडची मिश्रीही त्यातच धरा) यांनी शक्यता वाढते, पण बऱ्याचदा नेमकं कारण हाती लागत नाही. आजींना हे तुम्हीच सांगा, आणि बायको समोर नसताना सांगा. तिच्यापुढे वाद घातलात तर तिला तेच सगळं पुन्हा ऐकावं लागेल.

आता ‘मोठा होऊ दे’चं. ओठासाठी डॉक्टर जुना दहाचा हिशोब सांगतात: वय निदान 10 आठवडे, वजन 10 पौंड म्हणजे साडेचार किलोच्या आसपास, हिमोग्लोबिन 10. हल्ली बहुतेक ठिकाणी तीन ते सहा महिन्यांत ओठ शिवतात. म्हणजे तुम्हाला थांबायचं आहे, पण वर्षानुवर्षं नाही, वजन भरेपर्यंत. दुसरं म्हणजे हिरडी आणि नाकाला आकार देणारी एक प्लेट काही ठिकाणी ऑपरेशनआधी बसवतात. ती पहिल्या काही आठवड्यांत सुरू केली तरच चांगली लागू पडते, कारण तेव्हा नाकाची कूर्चा (नाकाच्या शेंड्याचं लवचीक हाड) मऊ असते. ती दर आठवड्या-पंधरवड्याला दाखवून घट्ट-सैल करून घ्यावी लागते. तुमच्या बाळाला गरज आहे का, हे याच आठवड्यात विचारा.

खरी गफलत होते ती पुढे. ओठ शिवला की चेहरा छान दिसतो, पाहुणे कौतुक करतात, आणि टाळू मागे पडते. आत आहे, कोणाला दिसतंय! पण बोलणं टाळूवर अवलंबून असतं. प, ब, त, द म्हणताना तोंडात हवा कोंडावी लागते. टाळू उघडी असली की ती नाकातून निसटते, आणि पोर ‘बाबा’ म्हणतं ते आपल्याला ‘मामा’ ऐकू येतं. चुकीची सवय एकदा मुरली की नंतर टाळू शिवूनही ती सहजी सुटत नाही. म्हणून साधारण नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान टाळूचं ऑपरेशन व्हायला हवं. पाच-सहा वर्षं थांबायचा सल्ला इथेच सगळ्यात महागात पडतो. कानाचंही तसंच. टाळूचेच स्नायू कानाची नळी उघडतात, ते नीट चालले नाहीत की पडद्यामागे पाणी साठतं. पोर हाका ऐकत नाही, आपण त्याला हट्टी म्हणतो. ऐकण्याची तपासणी अधूनमधून करून घ्या. हृदयाची इको (हृदयाची सोनोग्राफी) झाली नसेल तर तीही.

तोवर तुमचं काम एकच, वजन. टाळू उघडी असली की बाळाला ओढ घेता येत नाही. अंगावर लावून तासभर बसलात तरी ते दमतं, पोट भरत नाही. दूध काढा आणि बोंडल्याने किंवा दाबता येणाऱ्या मऊ बाटलीने पाजा. बाळ जवळजवळ बसतं धरा, थोडं थोडं गालाच्या बाजूने सोडा, मध्येमध्ये ढेकर काढा, अर्ध्या तासाच्या आत आटपा. नाकातून दूध आलं तर घाबरू नका, थांबा, शिंकू द्या, पुसा, पुन्हा सुरू करा. काढलेलं दूध आपल्या उन्हाळ्यात बाहेर ठेवू नका, फ्रीजमध्येच. आणि दर आठवड्याला त्याच काट्यावर वजन करा, अंगणवाडीचा असला तरी चालेल. काटा बदलला की शंभर-दोनशे ग्रॅमचा घोळ होतो.

सोलापूर की पुणे? इमारत बघू नका, माणसं बघा. प्लास्टिक सर्जन असो की तोंड-जबड्याचा सर्जन, दोघंही हे करतात. विचारायचं हे की वर्षाला अशी किती मुलं करता, लहान मुलांना भूल देणारे डॉक्टर रोजचे आहेत का, स्पीच थेरपिस्ट, म्हणजे नीट बोलायला शिकवणारे, आहेत का. तुम्ही अक्कलकोटचे, तर आधी सोलापूरच्या सिव्हिलला, म्हणजे सरकारी रुग्णालयात, दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात फाटलेला ओठ-टाळू येतो, अंगणवाडी तपासणारं पथक चिठ्ठी देतं. स्माइल ट्रेन ही संस्था भागीदार रुग्णालयांत ऑपरेशन मोफत करून देते. सरकारच्या जनआरोग्य योजनेचं रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेची माहिती देणारा माणूस) विचारा, तेही ॲडमिट व्हायच्या आधी. ऑपरेशनसाठी हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जाणं जमतं हो, पण स्पीच थेरपी आठवड्यागणिक असते, ती घराजवळच हवी. माझं मत विचाराल तर चाकू कुठेही चालवा, थेरपी सोलापुरातच लावा.

ऑपरेशनच्या दिवसाचं थोडक्यात. साधारणपणे आईचं दूध चार तास आधी बंद, वरचं दूध सहा तास. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेली वेळ खरी धरा. रडतंय म्हणून आजी गुपचूप चमचाभर पाजतात, त्यावर नजर ठेवा. भुलीत ते दूध फुफ्फुसात जाऊ शकतं. सर्दी-खोकला असेल तर लपवू नका, तारीख पुढे गेली तरी चालेल. नंतर बाळ तोंडात बोटं घालू नये म्हणून कोपरांना पट्ट्या बांधतात, त्या आपणहून सोडू नका. टाळूनंतर काही दिवस पातळच. बिस्कीट, चिवडा, शेंगदाणा असलं काही हाताला लागू देऊ नका, टाके उसवले तर भोक राहतं.

हिरडीतल्या फटीत कमरेच्या हाडाचा थोडा भाग काढून बसवण्याचं ऑपरेशन पुढे आठ ते अकरा वर्षांच्या दरम्यान, सुळा यायच्या आधी. माझ्या मुलीचं तेच आता ठरतंय. नाकाची शेवटची दुरुस्ती वाढ पूर्ण झाल्यावर.

खूण राहते का, असंही विचारलंत. राहते. पहिले काही महिने लाल आणि घट्ट दिसते, मग फिकी पडत जाते. डॉक्टर सांगतील तेव्हापासून बोटाने हलकं चोळा, आणि बाहेर नेताना टोपी घाला. आपलं ऊन काही साधं नाही.