नाण्यावर वर्षाखाली हिरा किंवा तारा असेल तर त्याची लाखांत किंमत येते का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांच्या डब्यात जुनी एक आणि दोन रुपयांची नाणी सापडलीत, काहींवर वर्षाखाली हिरा आहे, एका १९८५ च्या रुपयावर एच आहे, आणि व्हिडिओत अशाच नाण्याला पाच लाख सांगतायत. सरळ सांगतो, नुसत्या त्या खुणेला कोणी पाच लाख देत नाही.

ती खूण म्हणजे नाणं कुठल्या टांकसाळीत पाडलं एवढंच. हिरा मुंबईचा, म्हणजे फोर्टात रिझर्व्ह बँकेसमोर आहे ती टांकसाळ, तारा हैदराबादचा, गोल ठिपका नोएडाचा, आणि काहीच नसेल तर कोलकाता. तुमचा एचवाला रुपया बर्मिंगहॅमच्या हीटन मिंटचा, कारण तेव्हा नाणी कमी पडत होती म्हणून सरकारने बाहेरून पाडून घेतली, नंतर मॉस्कोची एमएमडीवाली पाच रुपयांची नाणीसुद्धा तशीच आली. आता विचार करा, टंचाई भागवायला मागवलेली नाणी थोडीथोडकी कशी असतील, ढिगाने आली, म्हणून परदेशी खूण दिसली की दुर्मिळ हे गणितच चुकतं.

मग हा समज आला कुठून? बहुधा अमेरिकेतून, आणि तिथे तो खराही आहे. १९०९ चा लिंकन सेंट, म्हणजे लिंकनचं चित्र असलेलं एक सेंटचं नाणं घ्या, मागे व्हीडीबी ही डिझाइनरची आद्याक्षरं असलेला, फिलाडेल्फियात पावणेतीन कोटींच्या वर निघाले आणि सॅन फ्रान्सिस्कोत फक्त ४,८४,०००. डिझाइन तेच, वर्ष तेच, फरक वर्षाखालच्या एका बारीक एसचा, आणि त्या एसमुळे भाव कुठल्या कुठे जातो. म्हणूनच तिथे साध्या नाण्यावर अक्षर चिकटवून फसवणारेही निघाले, १९१६ च्या डाइमवर, म्हणजे दहा सेंटच्या नाण्यावर, डेन्व्हर टांकसाळीचा डी चिकटवायचा प्रकार तर फार जुना आहे. पण तिथे भाव अक्षराला नाही मिळत हो, त्या वर्षी त्या टांकसाळीत किती कमी पाडली आणि त्यातली आज किती उरली त्याला मिळतो. आपल्याकडचे व्हिडिओवाले नेमकं हेच गाळतात, आणि घराघरात पडलेल्या नाण्यांवरची खूण दाखवून लोकांना आशेला लावतात, याचा मला मनापासून राग येतो.

आपल्याकडचं उदाहरण म्हणजे लाहोर. सहाव्या जॉर्जच्या १९४४-४५ च्या रुपयावर खाली छोटा एल असतो. लाहोर आता पाकिस्तानात म्हणून लोकांना वाटतं हे हिऱ्यामाणकाच्या भावात जाणार, पण ते कोट्यवधी पाडले होते. ११.६६ ग्रॅमचं नाणं, त्यात चांदी निम्मी, त्यामुळे साधारण झिजलेल्या एलवाल्या रुपयाला मुख्यतः चांदीचाच भाव येतो. उलट १९३९ चा रुपया खरा दुर्मिळ, पण तो खुणेमुळे नाही, वर्षामुळे, आणि त्याची बनावट नाणी इतकी फिरतात की जाणकाराला दाखवल्याशिवाय घ्यायचा नाही.

आणखी एक, खूण नुसत्या डोळ्यांनी ठरवू नका, दहापट भिंग घ्या, स्वस्तात मिळतं. ठसा जुना झाला की ताऱ्याची टोकं बुजतात आणि तो नोएडाच्या ठिपक्यासारखा दिसतो, मग बाजूला स्वच्छ ताऱ्याचं नाणं ठेवून बघितलं तरच कळतं. साठच्या दशकातल्या हैदराबादच्या काही नाण्यांवर तर हिराच असायचा, फक्त त्याच्या पोटात ठिपका, तो मुंबईचा समजून लोक सर्रास विकतात.

तर वर्ष आणि टांकसाळ ही जोडी एकत्र बघायची, कॅटलॉगमध्ये ती जोडी कमी सापडणारी असेल तरच पुढे जायचं, आणि मग अवस्था. न वापरलेलं, मूळ चमक असलेलं नाणं आणि खिशात फिरलेलं नाणं यांच्या भावात प्रचंड फरक असतो, म्हणून प्लीज चिंच-मीठ लावून घासू नका, पॉलिश तर अजिबात नाही, घासलेलं नाणं संग्राहक लांबूनच ओळखतात आणि भाव पाडतात.

आणि कोणी फोन करून म्हणालं की तुमचं नाणं विकलं गेलंय, आधी रजिस्ट्रेशन फी किंवा जीएसटी भरा, तर तिथेच फोन ठेवा. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये स्वतः जाहीर केलंय की अशा व्यवहाराशी तिचा संबंध नाही आणि ती कसलंही कमिशन मागत नाही. विकायचंच असेल तर शहरात नाण्यांचं प्रदर्शन लागतं तिथे जा आणि दोन-तीन डीलरना वेगवेगळं विचारा, आकडे जवळजवळ आले तर तोच भाव समजा.

एचवाल्या रुपयाचे दोन्ही बाजूंचे फोटो टाका, तिरप्या उजेडात काढा म्हणजे झीज दिसेल. आणि डब्यात १९४७ च्या आधीचं काही असेल तर ते आधी वेगळं काढून ठेवा, मला त्यातच जास्त आशा वाटते.