एअरसॉफ्ट गनची (प्लास्टिकचे छर्रे मारणाऱ्या खेळातल्या बंदुकीची) लिपो, म्हणजे लिथियम-पॉलिमर, बॅटरी जुन्या निकेल-मेटल हायड्राइडच्या चार्जरवर रात्रभर लावून ठेवली तर चालेल का?

नाही. दोन्ही गोष्टी टाळा, अगदी कळकळीने सांगतो.

बॅटरी भरल्याची खूण म्हणून तो जुना चार्जर व्होल्टेज किंचित घसरण्याची वाट बघत राहतो. लिपोत ती घसरण येतच नाही, त्यामुळे सेल ४.२ व्होल्टच्या वर जातो, फुगतो आणि पेटूही शकतो. लिपोसाठी बॅलन्स चार्जरच, म्हणजे सगळे सेल सारखे भरणारा चार्जर, घ्या. ११.१ व्होल्टच्या बॅटरीत तीन सेल असतात. तिची चार तारांची छोटी पांढरी पिन बॅलन्स पोर्टमध्ये लावली की चार्जरला प्रत्येक सेल वेगळा दिसतो. एक ४.२० आणि शेजारचा ३.९ दाखवत असेल, तर ती पिन कशासाठी असते ते लगेच कळतं.

करंट बॅटरीच्या क्षमतेइतकाच ठेवा: १३०० एमएएचला (मिलीअँपिअर-तास) १.३ अँपिअर. सेटिंग 'लिपो'वर आहे ना, हे दर वेळी बघा. खेळून आल्या आल्या लावू नका, आधी बॅटरी थंड होऊ द्या. चार्जिंग फरशीवर, पडदे-गादीपासून लांब आणि तुम्ही जागे व घरात असतानाच. गनमधून बॅटरी काढायला विसरू नका.

बॅटरी उशीसारखी फुगली असेल, तर पुन्हा चार्ज करायची नाही, टोचायची तर मुळीच नाही. ती ई-कचरा केंद्रात द्या.

आठवडाभर खेळ नसेल तर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवा. बऱ्याच चार्जरांत त्यासाठी 'स्टोरेज' मोड असतो.