पुस्तकातलं व्यवस्थापन टीममध्ये आणताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नुकतेच टीम लीड झालात, व्यवस्थापनावरची गाजलेली पुस्तकं वाचलीत, ओकेआर (उद्दिष्टं आणि ती किती गाठली हे दाखवणारे आकडे), वन-ऑन-वन (एकेका सहकाऱ्यासोबतची नियमित बैठक) आणि रोखठोक फीडबॅक हे सगळं याच तिमाहीत सुरू केलंत, आणि आता टीम मीटिंगमध्ये गप्प बसते. पुस्तकं चुकीची की माणसं, असं विचारलंय. माझ्या मते दोन्ही नाहीत. एकाच वेळी फार आणलंत, आणि त्यातलं जवळपास सगळं टीमने करायचंय. तुमच्या स्वतःच्या वागण्यात काय बदललं, ते त्यांना अजून दिसलेलं नाही.

ओकेआरबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. व्यवस्थापनावरचे विचारवंत पीटर ड्रकर यांनी १९५४ साली उद्दिष्टांनुसार व्यवस्थापनाची कल्पना मांडली. अँडी ग्रोव्ह यांनी इंटेल या चिप कंपनीत तिला ओकेआरचं आजचं रूप दिलं आणि गुंतवणूकदार जॉन डोअर यांनी १९९९ मध्ये ती गूगलमध्ये नेली. तिथे अवघड उद्दिष्ट ६०-७० टक्के गाठलं तरी चांगलं मानतात. हे जमतं, कारण तो आकडा थेट पगारवाढीला बांधलेला नसतो. तोच आकडा अप्रेझलच्या फॉर्मवर आला की माणूस हमखास गाठता येईल तेवढंच उद्दिष्ट लिहून देतो. त्याच्या जागी कुणीही तेच करेल.

एका सपोर्ट टीममध्ये हे मी जवळून पाहिलंय. प्रलंबित तिकिटं (ग्राहकांच्या नोंदवलेल्या तक्रारी) निम्म्यावर आणायची, असं ठरलं होतं. आकडा झपाट्याने खाली आला. तिकिटं उघडून वाचली तेव्हा कळलं की ‘अधिक माहिती हवी’ असा शेरा मारून ती बंद केली जात होती आणि ग्राहक त्याच तक्रारीसाठी नवं तिकीट काढत होता. मग ‘महिन्याभरात तीच तक्रार परत आली का’ हा दुसरा आकडा पहिल्याच्या शेजारी ठेवला, आणि दोन्ही अप्रेझलमधून काढून टाकले. त्यानंतर लोक आपणहून सांगू लागले की बऱ्याच तक्रारींचं मूळ बिलिंगच्या एकाच स्क्रीनमध्ये आहे. ग्रोव्ह यांनी १९८३ च्या पुस्तकात आकडे असे जोडीने ठेवायला स्पष्ट सांगितलंय. पद्धत उचलताना लोक नेमकं हेच पान सोडून देतात.

वन-ऑन-वनचंही तसंच. ग्रोव्ह यांच्या मते ती बैठक हाताखालच्या माणसाची असते: विषय त्याने आणायचे, आणि वेळ किमान तासभर द्यायचा. तुम्ही वर्णन केलंय तो पंधरा मिनिटांचा कामाचा आढावा आहे. आढावा घ्या, पण त्याला वन-ऑन-वन म्हणू नका.

फीडबॅक तूर्त थांबवा. क्लूगर आणि डेनिसी या संशोधकांनी १९९६ मध्ये या विषयावरच्या संशोधनाचा एकत्रित अभ्यास केला. फीडबॅकने सरासरी कामगिरी सुधारत होती, पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा ती उलट खालावली होती. बोलणं कामावरून घसरून माणसावर गेलं की नुकसान होतं. आधी दोन-तीन महिने तुम्हीच टीमकडून फीडबॅक मागा: ‘माझ्यामुळे तुमचं कुठलं काम अडतंय?’ उत्तर मिळालं की त्यातली एक गोष्ट त्याच आठवड्यात बदला.

आणखी एक. यशस्वी कंपन्यांची गुपितं सांगणारी पुस्तकं जपून वाचा. व्यवस्थापनावरचे लेखक जिम कॉलिन्स यांनी २००१ च्या पुस्तकात ज्या ११ कंपन्यांना आदर्श मानलं, त्यातल्या सर्किट सिटी या इलेक्ट्रॉनिक्स विकणाऱ्या अमेरिकी कंपनीने २००९ मध्ये दुकानं बंद केली. पुस्तकात विचार करायला लावणारं पुष्कळ आहे, पण ‘त्यांनी केलं म्हणून आपणही’ एवढ्यावर काही सुरू करू नका.

तर या तिमाहीत फक्त वन-ऑन-वन ठेवा, तेही पूर्ण तासाचं, आणि ते कुठल्या पुस्तकातून आलं हे सांगत बसू नका. कामाच्या गर्दीत ते रद्द करायचा मोह होईल. पुढे ढकला, रद्द करू नका. सुरुवात त्या दोन ज्येष्ठ सहकाऱ्यांपासून करा, ज्यांना तुम्ही ‘बदलाला विरोध करणारे’ म्हटलंय. आधीच्या लीडने काय काय सुरू केलं होतं आणि ते का बंद पडलं, एवढंच विचारा आणि लिहून घ्या. ओकेआरचं पुढे काय करायचं, ते त्यांचं ऐकून झाल्यावर ठरवा.